गुलाबी रिबिनीची साक्ष

नथॅनियल हॉथॉर्नची ‘यंग गुडमन ब्राउन’ ही कथा १८३५ साली एका मासिकात लेखकाच्या नावाशिवाय छापून आली. आज इंग्रजी साहित्याच्या वर्गांत ती शिकवली जाते आणि तिच्यावरची चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एक वाट गाइडची. नायक ब्राउनची बायको फेथ म्हणजे श्रद्धा, तिच्या टोपीची गुलाबी रिबीन म्हणजे निरागसता, जंगल म्हणजे पाप, नागासारखी दिसणारी काठी म्हणजे सैतान. जोड्या लावा, गुण घ्या. दुसरी वाट जरा तावातावाची. ब्राउनने त्या रात्री पाहिले ते खरे की स्वप्न? खरे मानणारे या कथेत धर्ममार्तंडांच्या ढोंगाची पोलखोल बघतात. स्वप्न मानणारे तिला एका भ्रमिष्टाची केस-हिस्टरी करून टाकतात. भांडणे जोरात होतात, पण अखेर सगळी मंडळी एकाच निष्कर्षावर येऊन टेकतात, की ही एका माणसाची श्रद्धा हरवल्याची कथा आहे.

मला हा निष्कर्षच चुकीचा वाटतो. या कथेत श्रद्धा हरवत नाही. तिच्यावर खटला चालतो, तिचे म्हणणे न ऐकता तिला दोषी ठरवले जाते आणि ती शिक्षा ती जन्मभर भोगते. ब्राउनने काय गमावले याची यादी सगळे करतात. त्याने काय कमावले हे कोणी विचारत नाही. एका रात्रीत, अत्यंत तोकड्या पुराव्यावर, त्याने सगळ्या गावाबद्दल एक अढळ खात्री कमावली. आणि खुणेवरून थेट अर्थ गाठण्याची जी सवय त्याला नडली, तीच सवय आपण प्रतीकांच्या जोड्या लावताना विद्यार्थ्यांना लावतो.

कथा न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. सतराव्या शतकाची अखेर, मॅसॅच्युसेट्समधले सेलम (तमिळनाडूतले नव्हे). लग्नाला तीन महिने झालेला तरुण ब्राउन सूर्यास्ताच्या वेळी घरातून निघतो. बायको फेथ म्हणते, आजची रात्र तरी घरी थांब. तो थांबत नाही, कारण जंगलात कोणाशी तरी त्याची भेट ठरलेली आहे. तिथे भेटणारा वयस्क प्रवासी, म्हणजेच सैतान, दिसायला त्याच्यासारखाच, जणू बापलेक. वाटेत ब्राउनला लहानपणी धर्माची प्रश्नोत्तरे शिकवणारी म्हातारी गुडी क्लॉइस (गुडी म्हणजे त्या काळची ‘बाई’) दिसते, मग गावचा पादरी आणि डीकन, म्हणजे चर्चचा पदाधिकारी, गुकिन यांचे आवाज येतात. सगळे एकाच सभेला निघालेले. डोक्यावरून एक ढग जातो, त्यात फेथचा आवाज ऐकल्यासारखा वाटतो आणि फांदीवर एक गुलाबी रिबीन येऊन अडकते. माझी फेथ गेली, असे ओरडत ब्राउन पिसाटासारखा धावत सुटतो. सभेत सारे प्रतिष्ठित गाव हजर असते. नव्याने दीक्षा घेणाऱ्यांत तो स्वतः आणि एक बुरख्यातली स्त्री. ऐन क्षणी तो बायकोला ओरडून सांगतो, वर स्वर्गाकडे बघ, त्या दुष्टाला दाद देऊ नकोस. पुढच्या क्षणी तो जंगलात एकटाच असतो. सकाळी गावात परत येतो, आणि मरेपर्यंत कोणावरही विश्वास ठेवत नाही.

प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते आधी मान्य करतो. ही रूपककथा आहे हे हॉथॉर्नने लपवलेले नाही. उशीर का झाला असे सैतान विचारतो तेव्हा ब्राउन सांगतो, फेथने मला जरा अडवून धरले. हे वाक्य दोन्ही अर्थांनी वाचल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तेव्हा प्रतीके बघूच नका, नुसती गोष्ट वाचा, असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही.

रिबिनीचा मुद्दा याहून अवघड आहे. कथेत जवळपास प्रत्येक गोष्टीला हॉथॉर्न शंकेची पुस्ती जोडतो. काठी वळवळल्यासारखी दिसली, पण तो संधिप्रकाशातला दृष्टिभ्रमही असेल. वेदीसारख्या खडकातल्या खळग्यात पाणी होते, की रक्त, की द्रवरूप ज्वाळा? रिबिनीच्या वेळी मात्र निवेदक सरळ सांगतो की ती खाली आली, फांदीला अडकली आणि ब्राउनने ती हातात धरली. एफ. ओ. मॅथिसन या नामांकित अमेरिकन समीक्षकाने १९४१ साली याच जागेवर बोट ठेवले. इतका वेळ जपलेले धूसरपण ही ठोस वस्तू मोडून टाकते, अशी त्याची तक्रार होती. रिबीन खरी असेल तर फेथ जंगलात होती, आणि फेथ जंगलात असेल तर ब्राउनचे काय चुकले?

पण ही रिबीन पुढे कुठे जाते बघा. सकाळी ब्राउन गावात शिरतो तेव्हा फेथ त्याची वाट बघत उभी असते, आणि तिच्या डोक्यावर त्याच गुलाबी रिबिनी असतात. त्याला बघून ती आनंदाने धावत येते, भररस्त्यात त्याचे चुंबन घेईल की काय असे वाटते. रात्री हातात धरलेल्या रिबिनीचे काय झाले? कथा सांगत नाही, आणि ब्राउनलाही विचारावेसे वाटत नाही. तो स्वतःचा हात उघडून बघत नाही. बायकोला, तू काल रात्री कुठे होतीस, हा साधा प्रश्न करत नाही. तिच्याकडे कठोर, खिन्न नजरेने बघतो आणि न बोलता पुढे जातो. मुद्देमाल गहाळ, आरोपीचा जबाब नाही, आणि शिक्षा मात्र कायम! रिबीन ठोस आहे हे मॅथिसनचे म्हणणे मला मान्य आहे. म्हणूनच ती प्रतीकाच्या आधी पुरावा आहे, आणि पुराव्याला अर्थ विचारायच्या आधी तो कुठून आला, कोणी आणून टाकला, हे विचारायचे असते. जंगलातल्या त्या रात्री दिसणाऱ्या वस्तू कोणाच्या ताब्यात होत्या? सैतानाच्या. त्याने टाकलेली रिबीन आणि फेथची रिबीन एकच, हे ब्राउनने कशावरून ठरवले?

हा प्रश्न मी आजच्या काळातून मागे नेऊन चिकटवत नाही. १६९२ मध्ये सेलममध्ये नेमका याच प्रश्नावर माणसांचा जीव टांगलेला होता. त्या वर्षी चेटकाच्या आरोपाखाली दीडशेहून अधिक लोक धरले गेले. १९ जणांना फाशी झाली. ऐंशीच्या घरातल्या गाइल्स कोरीने न्यायालयापुढे रीतसर उत्तर द्यायला नकार दिला, म्हणून त्याला छातीवर दगड रचून मारले. काही जण कोठडीतच गेले. या खटल्यांत एक विशेष प्रकारची साक्ष चाले. पछाडलेली मुलगी सांगे, अमुक बाईची आकृती रात्री माझ्या उशाशी आली, तिने मला चिमटे काढले, सैतानाच्या वहीत सही कर म्हणाली. बाई त्या वेळी आपल्या घरी अंथरुणात होती, असे दहा जणांनी सांगितले तरी उपयोग नसे. आकृती तिची होती ना! मग वाद निघाला, की सैतान निरपराध माणसाची आकृती धारण करू शकतो का? शकत असेल तर अशा साक्षींवर कोणालाच फासावर देता येणार नाही. इन्क्रीज मॅदर या बड्या धर्मोपदेशकाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या साक्षींविरुद्ध लिहिले, की दहा संशयित चेटकिणी सुटल्या तरी चालतील, पण एक निर्दोष माणूस दोषी ठरता कामा नये. ऑक्टोबरातच गव्हर्नर फिप्सने ते खास न्यायालय गुंडाळले. तोवर एकोणीस जण फासावर गेले होते.

डेव्हिड लेव्हिन या अभ्यासकाने १९६२ मध्येच दाखवून दिले की जंगलातल्या प्रसंगात हॉथॉर्न माणसांऐवजी आकृत्यांबद्दल बोलतो. पादऱ्याचा आवाज येतो, माणूस दिसत नाही. मेलेल्या बापाचा आकार धुरातून पुढे ये म्हणून खुणावतो. फेथ म्हणजे बुरख्यातली एक सडपातळ आकृती. खटल्याच्या भाषेत ही सगळी छायेची साक्ष झाली. मला यात एकच भर घालायची आहे. त्या धुरात आणखी एक आकृती आहे, निराश चेहऱ्याच्या एका बाईची. ती हात पुढे करून त्याला मागे फिर म्हणून सांगते. ती आपली आई होती का, असे ब्राउनला क्षणभर वाटून जाते, बस्स. पुढे आयुष्यभर त्याला पादरी आठवतो, डीकन आठवतो, गुडी क्लॉइस आठवते. तो हात आठवत नाही. पुरावाच मानायचा तर तोही पुरावा होता, आणि ज्याच्या मनात निकाल आधी लिहिलेला असतो तो असाच पुरावा निवडतो.

गुडी क्लॉइस हे नाव हॉथॉर्नने मनाने बनवलेले नाही. सारा क्लॉइस ही सेलमच्या खटल्यांतली खरीखुरी आरोपी. तिची थोरली बहीण रिबेका नर्स, ७१ वर्षांची, कानांनी अधू. ज्यूरीने रिबेकाला आधी निर्दोष ठरवले होते. मग तिला पुन्हा एक प्रश्न विचारण्यात आला, तो तिला ऐकू आला नाही, ती गप्प राहिली, आणि ते गप्प राहणे कबुलीसारखे मानून निकाल फिरवला गेला. १९ जुलैला तिला फाशी दिले. दुसरी बहीण मेरी ईस्टी, तिला २२ सप्टेंबरला. साराचे प्रकरण सुरू झाले ते एका दाराच्या आवाजाने. ३ एप्रिलच्या रविवारी पादरी सॅम्युएल पॅरिसने बायबलमधले ‘तुमच्यातला एक जण सैतान आहे’ हे वचन प्रवचनाला घेतले. बहिणीला नुकतेच धरून नेलेले. सारा उठून बाहेर गेली आणि तिच्या मागे वाऱ्याने दार धाडकन आपटले. एवढे पुरले. रागाने गेली, म्हणजे वचन तिला लागले. लागले, म्हणजे ती त्यांच्यातलीच. लगोलग पछाडलेल्या मुलींपैकी एकीला ती सैतानाच्या तांबड्या भाकरीच्या पंगतीत बसलेली दिसली. आठवड्याभरात ती चौकशीला उभी होती, आणि चौकशी करणाऱ्यांत जॉन हॅथॉर्न होता, म्हणजे आपल्या लेखकाचा खापरपणजोबा.

आता कथेकडे परत या. गुडी क्लॉइस जंगलात सैतानाशी जुन्या ओळखीने बोलते, आपली केरसुणी गुडी कोरीने चोरली असावी अशी तक्रार करते, त्या कोरीबाईला ‘अजून फाशी न झालेली चेटकीण’ म्हणते. मार्था कोरीही खरी. तिलाही २२ सप्टेंबरला फाशी झाली. हे सगळे ब्राउनच्या नजरेतून शब्दशः खरे मानणारा वाचक काय करतो? ज्या बाईवर आरोप झाला पण जी कधी दोषी ठरली नाही तिला तो दीडशे-तीनशे वर्षांनी दोषी ठरवतो, तेही आरोप करणाऱ्यांपेक्षा कमी पुराव्यावर. हॉथॉर्नला सेलमचा इतिहास पाठ होता. तिथल्या ग्रंथालयातले जुने ग्रंथ त्याने वर्षानुवर्षे घरी आणून वाचले होते. पाहिजे ते नाव घ्यायची मुभा असताना, आपल्याच पूर्वजापुढे उभ्या राहिलेल्या बाईचे नाव त्याने चेटकिणीला सहज म्हणून दिले असेल हे मला पटत नाही. त्याने वाचकाला खुर्ची दिली आहे, आणि ती जॉन हॅथॉर्नची आहे.

चेटकीण म्हटले की आपल्याकडे केरसुणीवर उडणारी परीकथेतली म्हातारी डोळ्यांसमोर येते आणि सेलमचे गांभीर्य निसटते. सातपुड्यातल्या ‘डाकीण’ ठरवलेल्या बायका आठवल्या तर ते पटकन कळेल. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत एखादी व्यक्ती करणी करते, मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते, असे सांगून तिच्याबद्दल संशय पसरवणे हा गुन्हा ठरवावा लागला. सेलमच्या कागदांतही गाईगुरे आजारी पडल्याच्या तक्रारी आहेत. गाय आटली आणि शेजारीण आदल्या दिवशी दारावरून गेली होती, या दोन गोष्टींमधली फट भरून काढणारी बुद्धी सगळीकडे एकसारखीच चालते.

प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा मी आतापर्यंत मागे ठेवला आहे. सैतान ब्राउनला जे सांगतो ते इतिहासात घडलेले आहे. तुझ्या आजोबाने, तो शिपाई असताना, क्वेकर (गावाला नकोशा असलेल्या ख्रिस्ती पंथातल्या) बाईला सेलमच्या रस्त्यांतून चाबकाने फोडत नेले तेव्हा मी मदतीला होतो. तुझ्या बापाने किंग फिलिपच्या युद्धात (वसाहतवाले आणि अमेरिकेतले मूळ रहिवासी यांच्यातल्या) इंडियनांचे, म्हणजे त्या मूळ रहिवाशांचे, गाव पेटवले, त्याला लागणारे पेटते लाकूड माझ्या चुलीतले. हॉथॉर्नच्या घराण्याचा मूळपुरुष विल्यम हॅथॉर्न याने क्वेकर बाईला फटक्यांची शिक्षा दिली होती. लेखकाने ‘द स्कार्लेट लेटर’च्या प्रस्तावनेत विल्यम आणि जॉन या दोन पूर्वजांची लाज आपण स्वतःवर घेतो असे लिहून ठेवले आहे. त्याच युद्धात, डिसेंबर १६७५ मध्ये, वसाहतीच्या फौजेने नॅरागान्सेट जमातीचा दलदलीतला कोट पेटवला आणि त्यात बायकामुलांसह शेकडो माणसे मेली. मग सैतान खोटे काय बोलला? पोलखोलवाल्यांचे म्हणणे बरोबरच नाही का?

बरोबर आहे, पण एका पायरीपर्यंत. ब्राउन हे ऐकून काय म्हणतो ते वाचा. तो म्हणतो, नवल आहे, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही. आणि नवल तरी कसले, असली नुसती कुणकुण लागली असती तरी त्यांना न्यू इंग्लंडमधून हाकलून दिले असते. आम्ही प्रार्थना करणारे, सत्कर्मे करणारे लोक आहोत. त्याला धक्का कशाचा बसला? आजोबांची सैतानाशी ओळख होती याचा. चाबकाखालच्या बाईबद्दल तो एक शब्द काढत नाही. पेटवलेल्या गावाबद्दलही नाही. या दोन्ही गोष्टी रात्री, जंगलात, लपूनछपून झालेल्या नव्हत्या. त्या दिवसाढवळ्या, कायद्याने, गावाच्या संमतीने झाल्या. क्वेकरांना तर बोस्टनमध्ये १६५९ ते १६६१ या काळात चक्क फाशी दिले गेले, त्यांत मेरी डायर नावाची बाई होती. हे पाप बघायला ब्राउनला जंगलात जायची गरजच नव्हती, गावचा रस्ता पुरेसा होता. पण ते त्याला पाप वाटत नाही. पाप म्हणजे काहीतरी गुप्त, गूढ, मशालींच्या उजेडातले, अशी त्याची कल्पना. म्हणून मी म्हणतो, पोलखोलवाले वाचक हॉथॉर्नपेक्षा फार स्वस्तात सुटतात. पादरी रात्री सैतानाच्या सभेला जातो या कल्पनेत चुरचुरीत मजा आहे. पादरी दिवसा, निर्मळ मनाने, बायबल हातात घेऊन निरपराध बाईच्या फाशीला हजर राहतो, यात काहीच मजा नाही, आणि सेलममध्ये घडले ते हेच.

धर्मशास्त्राच्या बाजूने येणारा आक्षेप मला जास्त रंजक वाटतो. सेलमचे लोक प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट पंथाचे, कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या परंपरेतले. आदामच्या पतनानंतर माणूस आतून-बाहेरून बिघडलेला, स्वतःच्या बळावर त्याला तरणोपाय नाही, कोणाला तारायचे हे देवाने आधीच ठरवलेले. हे सगळे ब्राउनने लहानपणी घोकलेले असणार. मग सगळे पापी आहेत एवढेच जंगलात कळल्यावर तो कोसळतो कशाला? सैतानाचे प्रवचन आणि रविवारचे प्रवचन यांच्या मजकुरात तसा फार थोडा फरक आहे. याचे उत्तर त्या समाजाच्या रचनेत सापडते. चर्चचे पूर्ण सभासद व्हायचे तर देवाची कृपा आपल्यावर कशी झाली याची हकीकत मंडळीपुढे सांगावी लागे, आणि ती पटली तरच आत घेत. म्हणजे तत्त्व सांगणार की सगळे पतित, आणि व्यवहार सांगणार की हे अमुक तमुक पुण्यवान, आम्ही तपासून घेतले आहेत. १६६२ मध्ये तर अर्ध्या सभासदत्वाची तडजोड काढावी लागली, कारण अशी हकीकत सांगू शकणारे कमी पडू लागले होते. ब्राउनची श्रद्धा या तपासून मारलेल्या शिक्क्यावर होती. घरातून निघतानाच तो स्वतःला समजावतो, की फेथ म्हणजे पृथ्वीवरची देवदूत. एवढी एक रात्र जाऊ दे, मग तिच्या झग्याचा काठ धरून थेट स्वर्गात जाईन. या निश्चयाने त्याला बरे वाटते आणि तो हातातल्या दुष्ट कामाकडे आणखी भरभर चालू लागतो. असा टोमणा हॉथॉर्न इतक्या गंभीर चेहऱ्याने मारतो की घाईने वाचणाऱ्याच्या तो हातून निसटतो. दुसऱ्याच्या पुण्याईवर तरू पाहणाऱ्याला दुसऱ्याचा पाय घसरलेला कसा सहन व्हावा?

आणि जंगलात तो स्वतःही होताच की! वेळ ठरवून, बायकोला फसवून, आपल्या पायांनी गेला होता. सभेला गेलेले सगळे कायमचे नासले हा नियम असेल तर त्याच्यापासून सुरुवात व्हायला हवी. ऐन वेळी माघार घेतलेल्याला सूट द्यायची असेल तर ती सर्वांत आधी फेथला मिळायला हवी. ब्राउनने तिला ओरडून सांगितले, पण तिने ऐकले की नाही हे त्याला कळलेच नाही, असे हॉथॉर्न स्पष्ट लिहितो. जे कळलेच नाही त्याची शिक्षा ती बाई पुढची कित्येक दशके भोगते. तो मध्यरात्री तिच्या कुशीतून दचकून दूर सरतो, घरातल्या प्रार्थनेच्या वेळी कपाळाला आठ्या घालून पुटपुटतो. गावात गुडी क्लॉइस एका लहान मुलीला धर्माचे धडे देत असते, तिच्या हातून तो मुलीला हिसकावून घेतो. डीकनच्या घरातून प्रार्थना ऐकू येते तर मनात म्हणतो, हा मांत्रिक कोणत्या देवाची प्रार्थना करतोय? संशय घेणारा माणूस असा वागत नाही. संशय घेणारा विचारतो, थांबतो, पुन्हा बघतो. ब्राउनच्या मनात संशयाला जागाच उरलेली नाही. त्याने देव सोडलेला नाही, सैतान तर मुळीच सोडलेला नाही. त्या रात्री सैतानाने सभेत सांगितले होते, की पाप हाच माणसाचा स्वभाव आहे, तेच तुमचे एकमेव सुख असणार. त्या एका वाक्यावर ब्राउन पुढे आयुष्यभर विश्वास ठेवतो. जगात इतर कोणाच्याही वाक्यावर नाही.

स्वप्न की सत्य या वादाबद्दल दोनच वाक्ये पुरतील. हॉथॉर्न स्वतः तो प्रश्न विचारतो आणि म्हणतो, तुम्हाला तसे वाटत असेल तर तसे. घडले काय याबद्दल तो मोघम आहे. पण ब्राउनने त्याचे पुढे काय केले याबद्दल एका शब्दाचाही मोघमपणा नाही. कादंबरीकार हेन्री जेम्सने १८७९ मध्ये या कथेबद्दल लिहिले की लेखकाच्या मनःस्थितीविषयी ती काही सांगत असेल तर ती फारच काही सांगेल, म्हणून तसे मानू नये. ब्राउनची निराशा हॉथॉर्नच्या माथी मारू नका, एवढ्या अर्थाने जेम्स बरोबर होता. त्यापुढे जाऊन ही निव्वळ कल्पनेची करामत आहे असे म्हणणे म्हणजे त्यातली सगळी खरी नावे डोळ्याआड करणे.

राहता राहिला तो नेहमीचा शेवटचा शेरा, की कथेत सुटकेची वाटच नाही, ती माणसाला नैराश्यात सोडून देते. ब्राउनला वाट मिळत नाही हे खरे. पण सेलमच्या इतिहासात ती वाट होती आणि काही जण तिच्यावरून चाललेही. खटल्यांतला एक न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल १४ जानेवारी १६९७ रोजी, उपवासाच्या दिवशी, बोस्टनच्या ओल्ड साउथ चर्चमध्ये भर सभेत उठून उभा राहिला आणि त्याची लेखी कबुली पादऱ्याने मोठ्याने वाचली. दोष आणि लाज आपल्यावर घेतो, असे त्यात होते. त्याच वर्षी ज्यूरीतल्या बाराजणांनीही लेखी माफी मागितली. जॉन हॅथॉर्नने मागितल्याची नोंद नाही. कथेतला सैतान ब्राउनला म्हणतो, ओल्ड साउथच्या घड्याळाचे ठोके पडत होते तेव्हा मी बोस्टनमध्ये होतो, त्याला पुरती पंधरा मिनिटे झाली. पंचवीसेक किलोमीटर पंधरा मिनिटांत! ते चर्च नेमके स्यूअलचे असावे हा योगायोगही असेल, पण हॉथॉर्नच्या बाबतीत मी योगायोगावर फारसा भरवसा ठेवत नाही. स्यूअल त्यानंतरही श्रद्धावान राहिला, न्यायाधीश राहिला, आणि १७०० साली त्याने गुलामांच्या विक्रीविरुद्ध एक पत्रक छापले. त्याच्याकडून गेली ती खात्री. ब्राउनच्या बरोबर उलट. आणि अ‍ॅन पटनम, जी खटल्यांच्या वेळी बारा वर्षांची होती आणि जिच्या साक्षींनी अनेकांचा घात केला, तिने १७०६ मध्ये सेलमच्या मंडळीपुढे माफी मागितली. सैतानाच्या भुलीने आपल्याकडून हे घडले असे ती म्हणाली; सैतान आहे हे तिने नाकारले नाही, फक्त या वेळी तो आपल्या बाजूला उभा होता हे मान्य केले. तिने ज्यांची नावे घेतली त्यांत रिबेका नर्स आणि तिच्या दोन बहिणी होत्या. त्या दोन बहिणींपैकी एक म्हणजे सारा क्लॉइस.

ब्राउनला हे करायला हजारो सकाळी मिळाल्या. फेथ घरातच होती. तिला मुले झाली, नातवंडे झाली, आणि तो मेला तेव्हा म्हातारी फेथ त्याच्या अंत्ययात्रेत चालत होती. जोड्या लावणाऱ्यांना मी एवढेच विचारतो, की फेथ म्हणजे श्रद्धा असेल तर ही नवऱ्याच्या मागे जिवंत उरलेली, शेवटपर्यंत त्याला न सोडलेली म्हातारी तुमच्या तक्त्यात कुठे बसवता?

सेलममधल्या दोषींची नावे टप्प्याटप्प्याने निर्दोष ठरवण्यात आली, १७११ पासून थेट आपल्या काळापर्यंत. एलिझाबेथ जॉन्सन नावाची एक तरुणी मात्र सगळ्या याद्यांमधून सुटून गेली होती. १६९३ मध्ये ती दोषी ठरली, गव्हर्नरने फाशी थांबवली म्हणून वाचली, पण कागदोपत्री चेटकीणच राहिली. मॅसॅच्युसेट्समधल्याच नॉर्थ अँडोव्हर गावच्या शाळेत आठवीच्या मुलांनी नागरिकशास्त्राच्या तासाला जुनी कागदपत्रे चाळली, तिच्या प्रकरणाचा अभ्यास केला आणि लोकप्रतिनिधींकडे पाठपुरावा केला. तिला निर्दोष ठरवणारी तरतूद जुलै २०२२ मध्ये मंजूर झाली, म्हणजे निकालानंतर ३२९ वर्षांनी.